साडेबाराचा फोन

लेक नोकरीला लागली तेव्हा मेसमधल्या बायांनी मला विचारलं, "पोरगी काय काम करते गं?" मी म्हटलं, "कंप्युटरवर असते." त्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली आणि पुन्हा कणकेत हात घातला. तीन महिने माझं उत्तर तेवढंच होतं. तिचं ऑफिस माण गावात आहे, ती सकाळी डांगे चौकातून बस पकडते, डब्यात तिला भेंडी चालते आणि वांगं चालत नाही, एवढं मला माहीत होतं. काम काय ते माहीत नव्हतं. माहीत नसण्याचं मला काही वाटत नव्हतं. आपण एकदाही विचारलं नाही, याचं वाटायला लागलं.

मी विचारणारी बाई नाही. दुकानात गर्दी असली तर ती ओसरेपर्यंत बाजूला उभी राहते. चौथीत शाळा सुटली त्याच्या आधीपासूनच मी अशी आहे. लेकीला रंग तिच्या पप्पाचा मिळाला, उंची आत्याची मिळाली, आणि हे मात्र माझं मिळालं. शाळेत तिच्या बाई म्हणायच्या, पेपरात सगळं येतं हिला, तोंडी विचारलं की फरशीकडे बघते. कॉलेज झाल्यावर तीन ठिकाणी मुलाखतीतून परत आली. चौथ्या ठिकाणी लेखी परीक्षेला जास्त गुण होते, म्हणून घेतली. तेही सहा महिने बघू आणि मग पक्की करू, या बोलीवर.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मी म्हटलं, "तू तिथं काय करतीस गं दिवसभर?"

"खरंच सांगू? कंटाळशील मम्मी."

"सांग की. अख्खी जुडी पडली आहे अजून."

मग ती सांगायला लागली. एखादं ॲप एका माणसानं वापरलं तर नीट चालतं. शेकडो माणसं एकदम आली तर ते चालेल का, हे लोकांच्या हातात द्यायच्या आधी बघायचं. ते बघणं हे तिचं काम.

"मग शेकडो माणसं बोलावता तुम्ही?"

"नाही गं. खोटी माणसं करायची. व्हर्च्युअल युजर म्हणतात त्यांना. मी स्क्रिप्ट लिहिते, म्हणजे माणूस काय काय करेल ते ओळीनं लिहून ठेवते. मग कंप्युटर तसंच करतो, शंभर जणांच्या वतीनं, एकाच वेळी."

मला हसू आलं. पण ऐकायला बरं वाटलं. तिचा आवाज मोकळा होता. घरात, माझ्यासमोर, तिला सगळं बोलता येत होतं.

त्या दुपारी तिनं मला एकेक शब्द सांगितला, आणि प्रत्येक शब्दाला मला आमचं जुनं कॅन्टीन आठवत गेलं. थेरगावला यायच्या आधी आम्ही चाकणला राहायचो. तिथल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी अकरा वर्षं चपात्या केल्या. ती म्हणाली, रिस्पॉन्स टाइम म्हणजे माणसानं बटण दाबल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा वेळ. मी म्हटलं, म्हणजे खिडकीशी ताट पुढं केल्यापासून ताटात चपाती पडेपर्यंत. ती म्हणाली, अगदी तेच. एका मिनिटात किती ताटं वाढून होतात, ते थ्रूपुट. सगळी रांग जिथं तुंबते ती जागा म्हणजे बॉटलनेक.

"तो आमच्याकडं डाळीपाशी होता," मी म्हटलं. "भाताला दोघी, भाजीला दोघी, आणि डाळीला एकच बादली, एकच पळी. ठेकेदार मात्र यायचा आणि आम्हाला ओरडायचा, चपात्या उरका, चपात्या उरका."

ती मेथी हातातच धरून हसली. "आमच्याकडंपण अस्संच असतं मम्मी. सगळे एकालाच शिव्या देतात आणि अडकलेलं असतं दुसरीकडं."

आधी फक्त एकाच माणसाला पाठवून किती वेळ लागतो ते लिहून ठेवायचं, म्हणजे पुढचं कशाशी ताडून बघायचं ते कळतं. त्याला बेसलाइन म्हणतात. मग माणसं हळूहळू वाढवत न्यायची, तो रॅम्प-अप. एकदम सगळी सोडायची, तो स्पाइक. आणि तेवढीच माणसं तासन्‌तास चालू ठेवायची, हळूहळू कुठं काही थकतंय का ते बघायला. "ते मला नको सांगू," मी म्हटलं, "दुपारी चारला माझी कंबर सांगते ते."

मला सगळ्यात आवडला तो थिंक टाइम. खरा माणूस एक बटण दाबतो, मग थांबतो, वाचतो, विचार करतो, मग पुढचं दाबतो. खोट्या माणसाला ते कळत नाही, तो धडाधड दाबत सुटतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये मुद्दाम लिहावं लागतं, इथं पाच सेकंद थांब, इथं दहा. माणसाला वेळ लागतो हे कंप्युटरला कुणीतरी लिहून सांगतं, हे मला फार बरं वाटलं. आमच्यासारख्यांना बोलायला वेळ लागतो, तोही असा कुठंतरी लिहून ठेवता आला असता तर.

मी म्हटलं म्हणून तिनं हे शब्द कॅलेंडरच्या पानामागे मोठ्या अक्षरात लिहून दिले. मी ते पान गॅसच्या वरच्या फळीला चिकटवलं. संध्याकाळी तिचे पप्पा आले, चहा घेताना त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "काय गं, नवीन उपास धरलास का? कुणाचा जप म्हणायचा हा?" तेव्हापासून लेक ऑफिसातून आली की मी विचारायचे, "आज काय तुंबलं?" आणि ती सांगायची.

पुढं महिन्याभरानं ती आनंदात घरी आली. तिच्याकडं कॅन्टीनचं ॲप आलं होतं. चाकणच्याच एका कंपनीचं. कामगारांनी कागदाचं कूपन फाडण्याऐवजी मोबाईलवर जेवण सांगायचं, असं ते होतं. तिनं स्क्रिप्ट लिहिली, टेस्ट केली, आणि शुक्रवारी रिपोर्ट दिला. तिचा पहिला रिपोर्ट, एकटीनं केलेला. सगळं ठीक आहे, चालू करायला हरकत नाही. येत्या बुधवारपासून कामगार ते वापरणार होते.

शनिवारी तिला सुट्टी होती. मी मेसमधून दोनला आले, आणि तिनं लॅपटॉप उघडून मला चित्र दाखवलं. एक रेघ डावीकडून उजवीकडं सावकाश चढत गेली होती, घाटातल्या रस्त्यासारखी.

"बघ मम्मी, सकाळी अकरा ते एक. चारशे माणसं, हळूहळू वाढवत नेलेली. आणि ही खालची रेघ रिस्पॉन्स टाइमची. दोन सेकंदाच्या वर गेलीच नाही."

मला ती खालची सरळ रेघ बघून अभिमान वाटला. मग मी सहज विचारलं, "पण अकराला कोण जेवतं?"

"जेवायचं नाही गं, फक्त सांगायचं. काम करता करता ज्याला जसा वेळ मिळेल तसं तो मोबाईलवर सांगेल. मग ब्रेकला जाऊन जेवेल."

"मोबाईल लॉकरला असतो ना."

हे मी बोलले तेव्हा माझं लक्ष अर्धं भांड्यांकडं होतं. तिनं लॅपटॉप खाली ठेवल्याचा आवाज आला म्हणून मी वळून बघितलं. ती माझ्याकडं बघत होती.

कंपनीत मशीनच्या लाइनवर मोबाईल नेता येत नाही. सकाळी आत जाताना लॉकरमध्ये ठेवायचा, साडेबाराचा भोंगा झाला की काढायचा, एकला परत ठेवायचा, आणि मग थेट साडेपाचला. आमच्या कॅन्टीनच्या खिडकीतून लॉकरची खोली समोर दिसायची. भोंगा थांबायच्या आत सगळी दारं एकदम उघडायची, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज व्हायचा. एका मिनिटात सगळ्यांचे मोबाईल हातात.

लेकीनं तिच्या पप्पांना फोन लावला. तेही अशाच एका कंपनीत लाइनवर असतात. दुपारचे तीन वाजले होते. फोन वाजत राहिला.

"उचलत नाहीत," ती म्हणाली.

"लॉकरमध्ये वाजतोय."

"मला माहीत होतं मम्मी." तिचा आवाज बारीक झाला. "पप्पांशी बोलायचं तर साडेबाराला फोन लावायचा, हे मला पहिलीपासून माहीत आहे. दहावीचा निकाल लागला तेव्हा साडेबारा वाजायची वाट बघत बसले होते मी. आणि स्क्रिप्ट लिहिताना आठवलंच नाही. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं अकरा ते एक, मी अकरा ते एक लिहिलं. ऑफिसातली माणसं जशी डेस्कवर बसून जेवण मागवतात, तशीच माणसं डोळ्यांसमोर आली माझ्या."

चारशे माणसं दोन तासांत नव्हे, एका मिनिटात येणार होती. तिला मी शब्द विचारला नाही. गॅसवरच्या पानावर लिहिलेला होता, स्पाइक.

संध्याकाळी तिचे पप्पा आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मोजे काढता काढता म्हणाले, "त्यात काय एवढं? ॲप अडकलं तर अडकलं. कामगार कागदाचं कूपन घेतील, आम्ही अजून घेतोच की. तू कशाला सांगायलीस स्वतःहून? दोन महिने जायचेत अजून. आधी पक्की तर हो."

"पण पप्पा, रिपोर्टवर माझी सही आहे."

"कुणी बघायलंय सही? सगळा दोष कंप्युटरवर जातो, तुला म्हणून सांगतो बघ."

ते वाईट सांगत नव्हते. त्यांना तिची काळजी होती. त्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते. आणि खरं म्हणजे मी गप्प बसलेच होते एकदा. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही. त्या संध्याकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा लेकीला सांगितलं.

कॅन्टीनमध्ये उन्हाळ्यात एकदा डाळ उतरली होती. बादलीजवळून जाताना मला आंबूस वास आला. मला वाटलं, आचाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला वाटलं, सगळ्यांसमोर कसं बोलायचं. रांग उभी होती, ठेकेदार उभा होता, माझी जीभच उचलली नाही. दुपारनंतर कितीतरी माणसांची पोटं बिघडली. डाळ वाढायला एक म्हातारी बाई होती, तिनंच मला तिथं कामाला लावलं होतं. तिला सर्दी होती, तिला वास आला नव्हता. ठेकेदारानं तिला काढलं. जाताना तिनं माझ्याजवळ स्वतःचं उलथनं दिलं, "तुला हलकं पडंल," म्हणाली. ते उलथनं अजून माझ्या घरात आहे. चपाती मी त्यानंच उलटते.

लेकीनं ते उलथनं हातात घेऊन बघितलं. तू बोल, असं मी तिला म्हटलं नाही. मला तो हक्क नव्हता.

रविवार तसाच गेला. ती लॅपटॉप उघडायची आणि मिटायची. सोमवारी सकाळी तयार होऊन दाराशी आली आणि म्हणाली, "मम्मी, येतेस का माझ्यासोबत? आत नको. गेटपर्यंतच."

"सांगणार आहेस?"

"साडेअकराला मीटिंग आहे. सगळे असतात. तू बाहेर आहेस एवढं माहीत असलं तरी पुरेल."

मेसच्या मालकीण काकू जुन्या थेरगावच्या. मी त्यांना फोन करून रजा मागितली. "रजा? तू?" त्या म्हणाल्या. "बरी हायेस ना? सहा वर्सांत न्हाई मागितली कधी. का लगीन ठरलं पोरीचं?" मी म्हटलं, नाही काकू, परीक्षा आहे तिची. "मंग जा की. चपात्या आमी बगतो."

बसमध्ये ती खिडकीशी बसून ओठ हलवत होती. काय सांगायचं ते पाठ करत होती. मी तिच्या बॅगेचा बंद धरून बसले.

तिच्या ऑफिसची इमारत सगळी काचेची. ती कार्ड लावून आत गेली आणि वळून एकदा बघितलं. मी गेटपाशी उभी राहिले तसा वॉचमन म्हणाला, "मावशी, साफसफाईवाल्यांचं गेट मागं आहे." एरवी मी मान खाली घालून मागच्या गेटला गेले असते. मी म्हटलं, "लेक आत आहे माझी. वाट बघतेय." तो म्हणाला, "मग सावलीत बसा की, उन्हात कशाला उभ्या?" आणि समोरच्या टपरीचा बाक दाखवला.

तिथं मी बसले. साडेअकरा वाजले. पावणेबारा, बारा. मी तिचा डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि मोबाईल डब्यावर ठेवला होता. विचारल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा वेळ, तो ते लोक सेकंदात मोजतात. टपरीवाल्याने दोनदा चहा विचारला. माझ्या डोळ्यांसमोर येत होतं, ती उभी आहे, सगळे बघतायत, आणि ती फरशीकडे बघतेय. मीच तिला हे दिलं, असं वाटत होतं. तिला नोकरी गमवावी लागली तर तेही माझ्या एका बोलण्यानं. मी गप्प बसून एकीचं काम घालवलं होतं, आता बोलून लेकीचं घालवते की काय.

मोबाईल वाजला. मी दचकले. बरोबर साडेबारा. तिच्या पप्पांचा.

"काय झालं पोरीचं?"

त्यांच्या मागं तो पत्र्याचा आवाज येत होता, दारं आपटत होती, माणसं एकमेकांना हाका मारत होती.

"अजून बाहेर आली नाही. तुम्ही जेवा."

"जेवतो. रांगेत लागलोय." मग थोडं थांबून म्हणाले, "शनिवारचं माझं ते बोलणं मनावर घेतलं नाही ना तिनं?"

"नाही घेतलं."

"बरं झालं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

एक वाजायला आला तेव्हा ती बाहेर आली. तिच्याबरोबर एक बाई होत्या, गळ्यात कार्ड, पायात बूट. तिच्या मॅडम. मला वाटायचं मॅडम म्हणजे मोठ्या वयाच्या असतील, या जेमतेम तिशीच्या होत्या. लेकीचे डोळे लाल होते. पण ती समोर बघत होती.

"मम्मी, फुटलं!" ती लांबूनच म्हणाली.

मी डबा घेऊनच उठले. "काय गं?"

"ॲप. मी सांगितलं सगळं. मग मॅडम म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता चालवून दाखव. चारशे माणसं एका मिनिटात सोडली. आधी तीन सेकंद, मग वीस, मग पान उघडेचना."

"मग आता?"

"आता चांगलं झालं गं. बुधवारी फुटण्यापेक्षा आज फुटलं."

मॅडमनी तीन चहा सांगितले. म्हणाल्या, "काकू, हिला मी भरपूर ओरडले. रिपोर्ट द्यायच्या आधी ते कॅन्टीन बघून यायला पाहिजे होतं हिनं. पण स्वतःहून येऊन सांगितलं. आमच्याकडं लवकर कुणी सांगत नाही." मग त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही होतात ना कॅन्टीनला? खरंच सगळे एकदम येतात?"

मी पदर ओढून घेतला. लेकीच्या कानाशी लागून हळूच सांगितलं, आणि तिनं ते मोठ्यानं सांगितलं. लॉकर, भोंगा, एक मिनिट. पुन्हा मी कानात सांगितलं, की तिथं मेनू कुणी वाचत बसत नाही, वासावरूनच कळतं. ती मॅडमना म्हणाली, "म्हणजे थिंक टाइमपण मी जास्त धरला होता. दहा सेकंद कुणी थांबणार नाही." तिचा आवाज घरात मेथी निवडताना असतो तसाच होता. मी तिच्याकडंच बघत राहिले.

"मग चारशे धरून पुन्हा करू," ती मॅडमना म्हणाली.

"चारशे नाहीत," मी म्हटलं.

दोघींनी माझ्याकडं बघितलं. माझे कान गरम झाले. पण शब्द बाहेर आला होता, आता पुढचं बोलणं भाग होतं.

"बुधवारी अंडाकरी असते. सगळ्याच कॅन्टीनला बहुतेक बुधवारीच. घरून डबा आणणारे असतात ना, तेपण बुधवारी कॅन्टीनला जेवतात. चपातीचं पीठ आम्ही बुधवारी दीडपट मळायचो."

मॅडमनी ग्लास बाकावर ठेवला. "आणि आपण चालू करणार होतो बुधवारी," त्या लेकीला म्हणाल्या. मग खिशातून मोबाईल काढून बाजूला जाऊन कुणाशी तरी बोलायला लागल्या. तारीख पुढं गेली, ते लेकीनं मला नंतर सांगितलं. तिला पक्कं करणार का, हे त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. जाताना फक्त लेकीला म्हणाल्या, "जेवून वर ये. नवीन स्क्रिप्ट दोघी मिळून लिहू."

ती माझ्याशेजारी बाकावर बसली आणि डबा उघडला. पहिला घास तोंडात घेतला आणि मग रडली थोडी. मी पाठीवरून हात फिरवला. "बोलताना तू फरशीकडं बघत होतीस का?" मी विचारलं.

"पहिल्यांदा बघितलं," ती म्हणाली. "मग थांबले पाच सेकंद. मग वर बघितलं."

टपरीवाल्यानं न मागता पाण्याचा जग आणून ठेवला. जेवण झाल्यावर तिनं हात पुसले, मोबाईल काढला आणि पप्पांचा नंबर काढला. बोट त्या नंबरवर नेलं, वरची वेळ बघितली. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

तिनं मोबाईल परत बॅगेत ठेवला. "साडेपाचला लावते," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावायला लागली.